खाडीचं मीठ, आठवी ब

शाळेला नळ एकच,
गंजका, गोठिवली गावाकडे तोंड करून.
म्हणून तो आमचा, असं आम्हीच ठरवलेलं.
आमचं पिऊन झालं की खाणीवरची पोरं,
त्यांच्यानंतर चाळीतले भय्ये.
वॉचमनची दिलमाया बाटली घरूनच आणायची.
तिला हा नियम कुणी सांगितलाही नव्हता.

एका शुक्रवारी यल्लप्पा मध्ये घुसला.
पुढचं सांगायचं नव्हतं, पण सांगतो:
पहिला दगड माझा.
लागला भलत्यालाच, सुग्रीवच्या भुवईवर.
तो कळवळून "ए माई" म्हणाला,
आणि आम्ही त्या माईलाही हसलो.

मढवी बाई आमच्याच आळीतल्या,
आमच्याच भावकीत दिलेल्या.
सिडकोनं घेतलेल्या जमिनीचा विषय
त्यांच्या ओट्यावरही रात्र रात्र चालायचा.
"आमच्याच जमिनीव येतान आन आमालाच शिकवतान,"
हे त्यांच्या सासऱ्याचं वाक्य मला पाठ होतं.
तेव्हा आम्ही निर्धास्त.

बाईंनी आधी सुग्रीवची भुवई धुतली.
त्याच नळावर.
मग फळ्यावर लिहिलं: नावडतीचं मीठ अळणी.
अर्थ विचारला नाही, छडी काढली नाही.
सोमवारी घरून एकेक बशी आणा, एवढंच.

सोमवारी बाईंच्या हातात पाच लिटरचा कॅन,
दिव्याच्या जेट्टीवरून भरलेलं खाडीचं पाणी,
गच्चीपर्यंत प्रत्येक पायरीवर थोडं थोडं सांडलेलं.
दोघांत एक बशी. जोड्या त्यांनीच लावल्या.
माझ्या वाट्याला दिलमाया,
तिची बशी, कडेला निळी वेल, एक टवका उडालेला.
तीन दिवस आम्ही बोललो नाही,
पाळीपाळीनं कावळे तेवढे हाकलले.
चौथ्या दिवशी ती म्हणाली,
"जरा सरक. तुझी सावली पडते बशीत."
मी सरकलो.

आठवडा उलटला तेव्हा तळाशी मीठ होतं.
करडं, मळकट,
पांढरं कुणाचंच नाही.
"चाखायचं नाही," बाई म्हणाल्या,
"कंपन्यांचं सगळं खाडीतच उतरतं.
घरी याला काय म्हणता, तेवढं सांगा."

उप्पु, यल्लप्पा पायाच्या अंगठ्याशी बोलला.
नून, सुग्रीव म्हणाला, भुवईवर अजून पट्टी.
नून, दिलमाया म्हणाली,
आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिली,
एकाच गल्लीत राहून जणू आज भेटत होती.
"तुझा आजा?" बाईंनी मला विचारलं.
आगरात होता. मिठाच्या.
"मग ते मीठ कुठं जायचं?"
बोटी भरून जायचं. कुठं, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.
"आमच्या डोंगरात मीठ पाठीवरून यायचं,"
दिलमाया मध्येच म्हणाली.
"माझा आजा आठ दिवस चालायचा."
कुणीच काही बोललं नाही.
बाई खाली उतरल्यावर मी बोट बुडवून जिभेला लावलंच,
तिच्या बशीतलं.
खारट होतं.

यानं सगळं नीट झालं असं नाही.
नळावरची रांग तेवढी वेडीवाकडी झाली,
कोण कुणाच्या आधी, ते ओळखू येईना.
दिवाळीत खाण बंद पडली आणि यल्लप्पाची बशी
गच्चीवरच राहिली, पालथी.
सुग्रीवच्या भुवईत माझ्या दगडाएवढी जागा
अजून मोकळी आहे. रबाळ्याला भेटतो कधी कधी.

त्या वर्षी माझ्या बहिणीच्या हळदीला
यादीतलं बाईंचं नाव माझ्याच बापानं खोडलं.
वाजंत्री ऐन रंगात असताना
मी वडे-मटणाचं ताट झाकून
मागच्या दारानं त्यांच्याकडे नेलं.
बाईंनी एक घास घेतला.
"मीठ कमी पडलंय रे," म्हणाल्या.
हसल्या की काय,
अंधारात नीट दिसलं नाही.